इंदूरात कुत्रा पाळलाय? मग सकाळच्या गप्पांतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं

कुत्रा घरी आला की दोन गोष्टी लगेच होतात, एक तर तुमचं नाव जातं आणि दुसरं म्हणजे अख्खा मोहल्ला तुम्हाला सल्ले द्यायला लागतो. नाव जातं म्हणजे असं की आमच्या राजेंद्रनगरात मला आता बरेच जण जीरूची आई म्हणूनच ओळखतात, मी पण समोरच्यांना ब्रूनोचे बाबा, कँडीची आजी, टायसनवाले भिया असंच म्हणते, खरं नाव विचारायचं राहूनच गेलं आणि आता विचारायला लाज वाटते. जीरू म्हणजे जीरावन, पोह्यावर भुरभुरतात ना तो मसाला, आमच्या देशी पोराचा रंग अगदी तसाच आहे म्हणून.

सल्ल्यांचं म्हणाल तर सकाळी साडेसहाला पट्टा हातात घेऊन निघणाऱ्या मंडळींकडून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कुठेच मिळत नाही, खरंच. कोणत्या गल्लीत भांडकुदळ कुत्री आहेत, कोणता डॉक्टर रात्री फोन उचलतो, पावसात कोणता रस्ता कोरडा असतो, हे सगळं तिथेच कळतं. पण त्याच गप्पांत, तितक्याच आत्मविश्वासाने, कोणीतरी सांगतं की जंत झाले तर लसूण घाल आणि गोचिडीला रॉकेल लाव. म्हणून माझा एक सरळ हिशोब आहे, तोच इथे सगळीकडे लावणार आहे: रस्ते, वेळा, सवयी, माणसं यांच्याबद्दल गप्पांवर बिनधास्त भरवसा ठेवा, पण जे पोटात जाणार किंवा अंगाला लागणार ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

भेट कशी घ्यायची (कुत्र्यांची आणि मग माणसांची)

नवीन लोक काय करतात, समोरून दुसरा कुत्रा दिसला की खुश होऊन आपला कुत्रा सरळ त्याच्या तोंडावर नेऊन उभा करतात, हॅलो करा हॅलो करा. कुत्र्यांच्या जगात समोरासमोर, डोळ्यात डोळे घालून, ताठ चालत येणं हे उद्धटपणाचं आहे, ती एकमेकांकडे जरा वळसा घेऊन येतात आणि आधी मागून हुंगतात. त्यामुळे तुम्ही पण रस्त्याच्या एका बाजूने, जरासा गोल घेऊन जा, पट्टा ढिला ठेवा. हे पट्ट्याचं फार महत्त्वाचं आहे कारण आपण घाबरून पट्टा खेचला की कुत्र्याला वाटतं काहीतरी गडबड आहे आणि तो आणखी भडकतो, आणि मग आपण म्हणतो बघा हा किती तापट आहे.

आधी माणसाला लांबूनच विचारा, "चालेल का भेटलेलं?" किंवा आपल्या इंदूरी स्टाइलमध्ये "भिया राम, मिलवा दें क्या?" समोरचा नाही म्हणाला तर वाईट वाटून घ्यायचं नाही, त्याच्या कुत्र्याचं ऑपरेशन झालं असेल, तो म्हातारा असेल, किंवा मादी हीटवर असेल. हो म्हणाला तर दोन-तीन सेकंद हुंगू द्या, मग आनंदाने हाक मारून बाजूला घ्या, सगळं ठीक असेल तर परत भेटवा. या छोट्या छोट्या ब्रेकमुळे निम्मी भांडणं होतच नाहीत.

शेपूट हलते आहे म्हणजे खुश आहे, हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आणि ते अर्धंच खरं आहे. अंग सैल, कंबरेपासून सगळंच डुलतंय, शेपूट मधल्या उंचीवर मोठी मोठी हलतेय, तर हो, खुश आहे. शेपूट वर ताठ आणि टोकाला बारीक थरथर, अंग लाकडासारखं, तोंड बंद, तर निघा तिथून. पोटाखाली गेलेली शेपूट सगळ्यांनाच कळते. पण ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, मान फिरवणं, डोळ्याचं पांढरं दिसणं ही कुत्र्याची "मला नको आहे" सांगायची पद्धत आहे हे फार लोकांना माहीत नसतं, आणि विशेषतः लहान मुलं मिठी मारतात तेव्हा हेच सगळं चालू असतं आणि आईबाबा फोटो काढत असतात. मुलांना एवढंच शिकवा की मिठी नाही, डोक्यावरून हात नाही, छातीला किंवा खांद्याला खाजवायचं आणि तो उठून गेला तर जाऊ द्यायचं. पुढचे पाय खाली आणि बूड वर केलं की ते खेळायचं आमंत्रण, तेव्हा मात्र बाजूला उभं राहून मजा बघा.

आता माणसांच्या गप्पा. पहिला प्रश्न नेहमी हाच, "कौन सी ब्रीड है?" देशी म्हटलं की काही लोकांचा चेहरा पडतो, मग मला बोलायचा चान्स मिळतो. मालव्यातल्या हवेला देशी कुत्र्याइतकं सोयीचं कोणीच नाही, अंगावर केस आखूड, पोटाचे नखरे कमी. आणि देशी म्हटलं की नुसती गल्लीतलीच आठवतात, पण आपला मुधोळ हाउंड बघा ना, मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेली जात, २००५ साली भारतीय डाकखात्याने तिच्यावर तिकीट काढलं होतं, राजापलयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉगबरोबर. तेच हस्की घेऊन मे महिन्यात इंदूरात फिरणारे बघितले की मला त्या कुत्र्याची कीव येते, मालकाला काही बोलत नाही, बोलून उपयोग नसतो, कुत्रा तर घेऊन झालेला असतो. त्यापेक्षा त्याला पहाटेची वेळ सुचवा, थंड फरशी सुचवा, ते ऐकतात लोक.

दुसरा प्रश्न "काटेगा तो नहीं?" याला "नाही हो, काहीच करत नाही" हे उत्तर देऊ नका. दात आहेत म्हणजे चावू शकतो. मी म्हणते, "मी पट्टा जवळ घेते, तुम्ही निघून जा आरामात." घाबरणाऱ्या माणसाला पटवायचं नसतं, त्याला जागा द्यायची असते, बस एवढंच. लिफ्टमध्ये पण कोणी कचरलं तर आपण पुढच्या लिफ्टने जायचं.

शी उचलणे

हे छोटंसं पण यावरच तुमची इज्जत ठरते. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, इथे रस्त्यावर कागद टाकला तरी अनोळखी काकू टोकतात, तर शी सोडून जाणं विसराच. रद्दी पेपरचे चौकोन कापून खिशात ठेवा, कुत्रा गोल फिरायला लागला की पेपर खाली सरकवा, गुंडाळा, घरी आणून शी टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडा आणि कागद वेगळा टाका. प्लास्टिकच्या पिशव्या फ्लश करू नका प्लीज. बागेच्या फाटकावरची पाटी वाचा, बऱ्याच बागांमध्ये कुत्र्यांना आत नेता येत नाही आणि तिथे वाद घालून कुत्रेवाल्यांचं नाव खराब करण्यात काही अर्थ नाही. आणि हो, सकाळची कचरागाडी गाणं वाजवत आली की अर्ध्या मोहल्ल्याची कुत्री सूर लावतात, त्याला इलाज नाही, जीरू तर कोपऱ्यावर गाडी वळायच्या आधीच सुरू होतो.

उचलताना एक नजर टाकायची सवय लावा. पातळ आहे का, रक्त किंवा चिकट शेंबडासारखं आहे का, तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळतंय का. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो आणि तेव्हा आठवत नाही. फोटो काढून ठेवा, डॉक्टरला दाखवायला लाजू नका, सकाळच्या ग्रुपला मात्र दाखवू नका, लोक पोहे खात असतात.

खाण्याच्या गप्पा, इथे कान उघडे आणि तोंड बंद ठेवा

सगळ्यात जास्त चुकीचं ज्ञान इथेच वाटलं जातं. आणि वाटलं जातं ते प्रेमानेच, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं.

फिरून येताना कोपऱ्यावर पोहे-जिलेबी होते, मंडळी गाडीभोवती उभी, कुत्री खाली आशेने बघत, आणि कोणीतरी म्हणणारच, अरे दे की थोडंसं. आपल्या पोह्यात कांदा असतो, वरून कच्चा कांदा, शेव, जीरावन. कांदा आणि लसूण दोन्ही, कच्चे असो की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, काही दिवसांनी कुत्रा थकतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, तोपर्यंत पोहे कोणालाच आठवत नाहीत. म्हणून भाजीचा रस्सा, वरणाची फोडणी, ग्रेव्ही हे सगळं पण बंद. जंतांवर लसूण हा सल्ला तर आणखीनच उलटा आहे, जंत जात नाहीत आणि रक्त जातं. जंतांचं औषध डॉक्टरकडून वजनाप्रमाणे घ्यायचं, पिल्लाला लहानपणी दर पंधरवड्याला, मग महिन्याला, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी, नेमकं वेळापत्रक तुमचा डॉक्टर देईल. गूळ-साखरेने जंत होतात हे पण खरं नाही, जंत होतात अंड्यांनी भरलेल्या मातीतून, आईकडून, पिसवांतून.

दुसरा मोठा धोका आपल्या मराठी घरांत देवाच्या ताटात बसलेला असतो, बेदाणे. शिरा, मोदकाचं सारण, पंचखाद्य, सगळ्यात बेदाणे. द्राक्षं आणि बेदाण्यांनी काही कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात, किती खाल्ल्यावर होईल याचा ठरलेला आकडा नाही, एखादा मूठभर खाऊन पचवतो आणि एखाद्याला थोडेसेच भोवतात. त्यामुळे "आमचा तर नेहमी खातो, काही होत नाही" असं ब्रूनोचे बाबा म्हणाले तरी ते ब्रूनोचं नशीब समजा. चॉकलेट तर सगळ्यांना माहीत आहे, जेवढं गडद तेवढं वाईट. शुगर-फ्री च्युइंगम आणि काही शुगर-फ्री पदार्थांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते आणि लिव्हर पण खराब होऊ शकतं, डायबिटीसवाल्या आजोबांच्या खोलीकडे जरा लक्ष ठेवा. पुरणात जायफळ असतं, त्यामुळे पुरणपोळी पण नको, साखर आणि तूप तर आहेच. तुपावरून आठवलं, इकडे हिंदीत सगळे म्हणतात ना की कुत्ते को घी हजम नहीं होता, ते म्हणतात माणसांना टोमणा म्हणून, पण जास्त तेलकट-तुपकट एकदम खाल्लं तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला खरंच सूज येते, उलट्या, पोटदुखी, ॲडमिट करावं लागतं. सराफ्याचं, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारातलं, काहीही घरी आणलं तर वर ठेवा.

मग द्यायचं काय? तयार डॉग फूड देत असाल तर पाकिटावर कुत्र्याच्या वयाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे दिलेलं माप पाळा. घरचं देत असाल तर बिनमीठ बिनमसाल्याचं, भात किंवा पोळी कमी आणि प्रोटीन जास्त, उकडलेलं अंडं, चिकन, किंवा शाकाहारी घरात पनीर, सोया, डाळ, आणि भोपळा-गाजर वगैरे. कुत्रा शाकाहारावर राहू शकतो पण नुसत्या दूध-पोळीवर नाही, आणि ही दूध-पोळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, साधं दही बहुतेकांना चालतं. फक्त घरचं जेवण असेल तर कॅल्शियम वगैरे कमी पडतं, तेव्हा डॉक्टरला एकदा अख्खा डाएट लिहून दाखवा, हे करायला लोक कंटाळतात पण एकदाच करायचं असतं. शिजवलेली हाडं देऊ नका, त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. पाणी साधारण किलोमागे ५० ते ६० मिली दिवसाला, उन्हाळ्यात जास्त, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला एक लिटर ते सव्वा लिटर, आणि अचानक खूप जास्त प्यायला लागला तर ती पण सांगायची गोष्ट आहे.

आपल्या औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही. ताप आला म्हणून क्रोसिन, पाय दुखतोय म्हणून कॉम्बिफ्लाम, हे सल्ले हमखास मिळतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात. आणि ताप आहे की नाही तेच आधी चुकतं, कारण कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपल्या हाताला तो कायम गरमच लागणार. नाक कोरडं म्हणजे ताप हे पण तसंच ऐकीव, झोपून उठल्यावर सगळ्यांचंच नाक कोरडं असतं.

गोचीड

पावसाळा सुरू झाला की गप्पांचा विषय एकच. रोज रात्री पाच मिनिटं हात फिरवा, कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी. सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, बोटाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, फिनाइल अजिबात नाही, कातडी भाजते आणि चाटलं की पोटात जातं. आता खोबरेल तेलात कापूर घालून लावा हा सल्ला कँडीच्या आजींचा, आणि त्या इतक्या मायेने सांगतात की मी "हो आजी" म्हणते आणि लावत नाही. कापूर चाटून पोटात गेला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात, आणि अंगाला लावलेलं तो चाटणारच. डॉक्टर जे मानेवर टाकायचं औषध किंवा खायची गोळी देतात तेच बरं, फक्त घरी मांजर पण असेल तर तसं सांगा, कारण कुत्र्यांच्या काही गोचीड-औषधांतलं परमेथ्रिन मांजरीला जीवघेणं असतं.

हे एवढं ताणून सांगायचं कारण टिक फिव्हर, म्हणजे गोचीड चावून होणारा आजार. कुत्रा जेवण सोडतो, सुस्त पडतो, ताप, कधी नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके. प्लेटलेट खाली जातात. वेळेवर रक्त तपासलं तर बहुतेक औषधाने बरं होतं, "पावसामुळे सुस्त आहे" म्हणत आठवडा घालवला तर मग पळापळ. मोठं काही निघालं तर महूचं सरकारी व्हेटरनरी कॉलेज जवळच आहे, १९५५ पासूनचं, शिकवण्याचं हॉस्पिटल आहे तिथे, ते पण माहीत असू द्या.

ऊन

मालव्याच्या रात्री गार असतात म्हणून तर शब-ए-मालवा म्हणायचे, त्याचा फायदा घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाच्या आत आणि रात्री नऊनंतर. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवा, ठेववत नसेल तर कुत्र्याला पण चालवू नका. कुत्र्याला घाम फक्त पंज्यांना येतो, बाकी सगळी गर्मी तो धापा टाकून बाहेर काढतो, त्यामुळे पग, शित्झू, बुलडॉग अशी चपट्या नाकाची पोरं सगळ्यात आधी आडवी होतात. खूप लाळ, हिरड्या लालभडक, पाय लडखडले तर सावलीत न्या, साध्या नळाच्या पाण्याने पोट, मांड्या, पंजे सगळं भिजवत राहा, पंखा लावा, आणि गार करता करताच डॉक्टरकडे निघा. अंगावर ओला टॉवेल टाकून तसाच ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो. उभ्या गाडीत पाच मिनिटं पण ठेवायचं नाही, छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत फक्त एक पार्सल घ्यायचं असलं तरी नाही.

गल्लीतली मंडळी

तुमचा कुत्रा घरात झोपतो पण रस्ता त्यांचा आहे, हे मान्य करून चाला. ती भुंकत आली की पळू नका, आपला कुत्रा उचलून ओरडू पण नका, थांबा, आपल्या कुत्र्याला पायाशी घ्या, त्यांच्याकडे टक लावून न बघता हळू बाजूला सरका. एक-दोन आठवडे रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने गेलात की त्यांना तुमचा वास पाठ होतो आणि बहुतेकदा प्रश्न मिटतो. कानाच्या टोकाला कापलेली खाच दिसली तर नसबंदी झालेली आहे, आणि एबीसी म्हणजे ॲनिमल बर्थ कंट्रोल कार्यक्रमात नसबंदीबरोबर रेबीजची लस पण देतात. खायला घालत असाल तर जागा ठरवून घ्या, २०२३ च्या एबीसी नियमांत पण तेच आहे की जिने, इमारतीचं दार, मुलांची खेळायची जागा सोडून ठरावीक जागी, ठरावीक वेळी, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण ठरलेल्या जागीच घाला असं सांगितलं. घालून झालं की पान-पत्रावळ उचला.

रेबीजबद्दल गप्पांमध्ये जे चालतं ते ऐकून मला घाबरायला होतं. कोणी म्हणतं घरचा कुत्रा चावला तर काही नाही, कोणी म्हणतं मिरची भरा, कोणी चुना. एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज जवळपास नाहीच, त्यामुळे इथे शून्य प्रयोग. चावलं, नुसतं ओरखडलं, जखमेवर चाटलं, काहीही असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी हॉस्पिटलला जा. आता दंडात लस देतात, ठरलेल्या दिवशी पुढचे डोस, पोटात चौदा इंजेक्शनं ही भीती जुन्या लसीची आहे, ती भारतात २००४ च्या शेवटी बंद झाली, पण काका लोक अजून तेच सांगून पोरांना घाबरवतात आणि मग पोरं चावल्याचं लपवतात. तुमच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगेल तसा बूस्टर आणि दरवर्षी. त्याआधी साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांच्या लसीचे डोस सुरू होतात, आणि ते पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर कुत्र्यांच्या शीजवळ सोडू नका. लसीचं कार्ड आणि नगर निगमच्या नोंदणीचा कागद, दोन्हीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

शेजारी

सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे, पण तो कागद पहिल्याच दिवशी काढू नका. आधी वरच्या काकूंना विचारा की भुंकण्याचा त्रास नेमका कोणत्या वेळी होतो, बऱ्याचदा ते आपण ऑफिसला गेल्यावर असतं आणि आपल्याला माहीतच नसतं. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा एकदा. एकटा राहून रडत असेल तर आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा असं बाहेर राहायची सवय लावा. जुन्या वळणाचे आजोबा असतील, विटाळ वगैरे म्हणणारे, तर माझ्याकडे एक उपाय आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि होळकरांचा कुळदेव खंडोबा, त्याच्या बरोबरीने पण कुत्रा असतोच, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहेच. एवढं बोललं की ते निदान हसतात. ट्रेनिंगचा सल्ला मात्र त्यांच्याकडून घेऊ नका, सू केली तर नाक घासा वगैरे जुनं आहे, त्याने कुत्रा एवढंच शिकतो की तुमच्यासमोर सू करायची नाही, सोफ्यामागे करायची. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्या आणि बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ द्या, संपलं.

फटाके, गेर, झांक्या

आपल्या शहरात आवाजाला कमी नाही. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) बघायला कुत्रा नेऊ नका, फोटो कितीही छान येईल असं वाटलं तरी. रंग लागला तर कोरडा आधी झटका, मग कोमट पाणी आणि कुत्र्याचा शाम्पू, रॉकेलने काढू नका. दिवाळीत संध्याकाळ व्हायच्या आत लांब फिरवून आणा, जेवण लवकर, मग आतल्या खोलीत खिडक्या बंद, पडदे, पंखा किंवा टीव्हीचा आवाज. पलंगाखाली गेला तर राहू द्या, ओढून काढू नका. जवळ येऊन बसला तर कुरवाळा, कुरवाळल्याने भीती वाढते हे खोटं आहे. गळ्यात फोन नंबरचं लॉकेट त्या आठवड्यात तरी असू द्याच, घाबरून सुटलेली कुत्री अशीच हरवतात. फारच थरथरत असेल तर डॉक्टरकडे दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी जा, झोपेची गोळी आपल्या मनाने नाही.

गावाला जाताना

पुण्या-मुंबईला लग्न असतंच. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, म्हणजे दोन बर्थची बंद खोली, तुमचा हवा, नाहीतर ब्रेक व्हॅनमधली पेटी, जी मी उन्हाळ्यात कोणाला सुचवणार नाही. लसीचं कार्ड आणि निघायच्या एक-दोन दिवस आधीचं डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, स्टेशनच्या पार्सल ऑफिसला आधी जाऊन नीट विचारून या, कारण कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं.

मला विचाराल तर सकाळच्या मंडळींपैकीच कोणाकडे तरी ठेवा, आणि त्यांचा पण ठेवून घ्या. आधी एक रात्र ट्रायल, दोन्ही कुत्री एकत्र राहतात का बघा, जेवणाची भांडी वेगवेगळ्या खोल्यांत. एका कागदावर लिहून द्या: किती वाजता किती जेवण, कशाची भीती आहे, कोणती गोळी, डॉक्टरचा नंबर, आणि मी फोन उचलला नाही तर ट्रीटमेंट सुरू करा, पैसे मी देईन, हे वाक्य सही करून. ही शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत आणि रात्री दोनला समोरचा माणूस क्लिनिकमध्ये परवानगीची वाट बघत बसतो. त्याचं रोजचं पांघरूण न धुता द्या, वास राहू द्या. आणि येताना पुण्याहून त्यांच्यासाठी बाकरवडी आणा, मोठं पाकीट, आणि हातात देतानाच सांगा की कुत्र्याला नाही द्यायची, त्यात मसाला असतो.